मधलं पाणी

तांब्या जागेवर नाही, हे रामहरीला सकाळी सात वाजता कळलं. तो अंघोळ करून बाहेर आला तर पिशवी खुर्चीवर तशीच होती, पण हलकी झाली होती. आतला तांब्या गेला होता. तांब्याच्या गळ्याला गाठ मारलेला सत्तर हात दोरही गेला होता.

बोट आठ दिवसांची सहल करून मुंबईला परतणार होती. बाकी रोज कुठलं ना कुठलं बंदर होतं. आज मात्र नुसता समुद्र. छापील कागदावर आजच्या रकान्यात 'दिवसभर आराम' एवढंच लिहिलं होतं. उद्या उजाडताना पुन्हा किनारा लागणार होता. म्हणजे रामहरीचं काम आजच व्हायला हवं होतं.

काम साधं होतं. त्याची बायको बनुबाई एकदा लग्नाला म्हणून अलिबागला गेली होती. तिथं तिनं समुद्रात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "कडंचं खारट हाय. पन मधलं कसं आसंल वो? आपल्या हिरीचं पानी कडंला मचूळ लागतं आन् मधी गोड." रामहरी म्हणाला, सगळा समुद्र खारटच असतो. त्यावर ती म्हणाली, "तुमी गेल्ता का मधी चाखायला?" पुढं वीस वर्षं समुद्राचा विषय निघाला की ती हेच विचारायची. मागच्या आषाढात ती गेली. मुलीनं, ज्ञानेश्वरीनं, बापाला हवापालट म्हणून या सहलीला आणलं. रामहरी लगेच 'व्हय' म्हणाला, याचं तिला नवल वाटलं होतं. त्यानं बनुबाईचा तांब्या आणि विहिरीवरचा दोर पिशवीत घातला आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जावयानं नियम काढले असते.

तांब्या गेला कसा, हे सांगायला अवघड नव्हतं. रामहरी शिंगणापूरचा. त्याच्या घराला चौकट आहे, दार नाही. कुत्रं आत येऊ नये म्हणून फळी आडवी लावतात, तेवढीच. बोटीवरच्या खोलीचं दार आपोआप बंद व्हायचं. त्याचा त्याला पहिल्या दिवशी इतका कोंडमारा झाला की त्यानं फटीत चप्पल अडकवली. तीन दिवस दार उघडंच होतं.

जावई सुनील नगरच्या एमआयडीसीत सुपरवायझर होता. त्याला तक्रार करायला कारण मिळालं की तरतरी यायची. "मामा, मी म्हणत होतो, कार्डानं दार लावा. आता चला काउंटरला. चोरीचा रिपोर्ट देऊ."

"त्यो शब्द नगं, सुनीलराव."

"मग काय म्हणायचं?"

"नेलाय म्हना. कुनाला तरी लागत आसंल. आनून ठिवतील."

पण सुनील निघालासुद्धा होता. ज्ञानेश्वरी 'अहो, थांबा जरा' म्हणत त्याच्यामागं गेली, तोवर लिफ्ट बंद झाली होती.

मागोमाग रामहरी आणि ज्ञानेश्वरीही खाली आले. काउंटरवर मारिया नावाची मुलगी होती. ती श्रीरामपूरकडची निघाली. गावाचं नाव ऐकून तिनं विचारलं, "काका, तुम्ही शिंगणापूरचे? दारं नसलेल्या गावचे?" मग ती फॉर्म भरायचं विसरून शेजारच्या पोरीला सगळं सांगत बसली. सुरक्षा अधिकारी परवेझ आला. त्यानं विचारलं, वस्तू चोरीला गेली की हरवली? फॉर्मवर दोनच चौकोन होते. रामहरीनं दोन्हींना नकार दिला. परवेझ म्हणाला, काही हरकत नाही, कॉरिडॉरमध्ये कॅमेरा आहे, पाच मिनिटांत कळेल.

ज्ञानेश्वरीच्या हातातला चहा बशीत सांडला.

"क्यामेरा नगं सायेब," रामहरी म्हणाला. "नाव कळलं की मला राग येनार. आमच्याकडं ज्यानं नेलं त्याच्या डोळ्यावर येतं, आसं म्हंत्यात. एका तांब्यापायी कुनाचं डोळं कशाला?"

परवेझनं नोकरीत पुष्कळ तक्रारी लिहून घेतल्या होत्या, पण तक्रारदारच आरोपीची काळजी करतोय हे पहिल्यांदा पाहत होता. त्यानं कॅमेरा राहू दिला आणि खुर्ची ओढून बसला. खरंच कुणी कुलूप लावत नाही? मग दागिने कुठं ठेवता? बाहेरगावी गेलात तर? रामहरीनं सगळ्याची उत्तरं दिली. तोवर मागं रांग लागली होती आणि रांगेतल्या लोकांनाही प्रश्न होते.

रामहरीच्या समोरच्या खोलीत कोल्हारचे गनीभाई आणि बिबीजान होते. गनीभाईंचा फळांचा व्यापार, त्यामुळं आवाज मोठा आणि गिऱ्हाईक जमवायची सवय. त्यांनी दहाच्या आत सगळा मजला गोळा केला. दारातली चप्पल ते बोट दाखवून समजावत होते. बघायला येणारे लोक खोलीत शिरताना पायताणं बाहेर काढू लागले, कारण पहिल्या माणसानं काढली होती. मग बाहेरचा ढीग पाहून, आत काहीतरी आहे म्हणून आणखी लोक आले. एक बाई केसांच्या तेलाची बाटली घेऊन आल्या आणि कुठं वाहायचं म्हणून विचारू लागल्या. बिबीजाननं त्यांना समजावून परत पाठवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अजी, बस करो आता. त्या भाऊंना बसायला जागा राहिली न्हाई."

रामहरी वरच्या डेकवर जायला निघाला की ज्ञानेश्वरी बरोबर यायची. कठड्याजवळ उभा राहिला तर ती त्याच्या सदऱ्याची बाही धरायची.

"मी काय जत्रंतलं पोरगं हाय का, हरवाया?"

"वारा आहे, नाना," ती म्हणायची आणि बाही सोडायची नाही.

खाली पाणी निळंशार होतं आणि बरंच लांब होतं. रामहरीनं नजरेनं अंदाज घेतला. सत्तर हात दोर पुरला असता, थोडा उरलाही असता. नुसतं बघून काय होणार? चाखायला भांडं पाहिजे होतं.

तीन वाजले तेव्हा त्याच्या लक्षात खरी अडचण आली. तो खोलीत आला आणि गर्दी बघायला वर आलेल्या मारियाला म्हणाला, "बाई, ज्यानं नेलाय त्याला आनून ठिवायचा आसंल. पन हितं पन्नास मानसं दारात बसल्यावर त्यो यील कसा?"

मारियाला हे पटलं. परवेझलाही पटलं, किंवा पुढं काय होतं ते त्याला बघायचं होतं. चार ते पाच या मजल्यावर कुणी थांबायचं नाही, असं ठरलं. ते सांगायचं काम गनीभाईंनी घेतलं, आणि सांगताना थोडं वाढवलं. ज्याच्याकडं जे काही दुसऱ्याचं असेल त्यानं या तासाभरात रामहरीच्या खोलीत गुपचूप ठेवून जावं, कुणी बघणार नाही, पाचनंतर मात्र आपलं आपण आणि शनिमहाराज. जेवणाच्या हॉलमध्ये हे ऐकून काही लोकांचे घास हातातच राहिले.

पाच वाजता सगळे परत आले. परवेझ पुढं होता. त्यानं दार ढकललं, ते अर्धंच उघडलं.

खोलीत टॉवेल होते. एकोणीस टॉवेल. चमचे होते, मिठाच्या डब्या होत्या, टीव्हीचे दोन रिमोट होते, एक उशी आणि एक लाइफ जॅकेट होतं. सगळ्यांवर बोटीचं नाव होतं. तांब्या नव्हता.

परवेझनं टॉवेल मोजले. मग त्यानं वही काढली. त्याच्या हिशेबानं बोटीचा हरवलेला माल एका प्रवाशाच्या खोलीत सापडला होता, आणि त्या प्रवाशानं सकाळी कॅमेरा बघायला नकार दिला होता.

"मी सांगतच होतो, दार लावा," सुनील म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ढिगाच्या टोकाला एक पिशवी होती. तिच्यातून सहा हँगर डोकावत होते. पिशवी नगरच्या कापडदुकानाची होती. ज्ञानेश्वरीनं पिशवीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. सुनील छताकडं पाहत होता.

"साहेब, नानांनी यातलं काही घेतलेलं नाही," ती म्हणाली. "आणि तांब्या मी घेतलाय."

ती शेजारच्या आपल्या खोलीत गेली आणि तांब्या घेऊन आली. दोर त्याला तसाच गुंडाळलेला होता. गाठ वर आली होती.

"काल इस्त्रीचे कपडे ठेवायला पिशवी उघडली. तर दोर, आणि दोराला फास. आई जाऊन वर्ष नाही झालं. तुम्ही यायला लगेच हो म्हणालात. मला वाटलं..."

रामहरीनं तांब्या हातात घेतला. "आगं, फास तांब्याला हाय. हिरीत सोडताना सुटू नये म्हनून." मग त्यानं बनुबाईचा प्रश्न सांगितला. सगळ्यांसमोर सांगावा लागला, कारण कुणी जायला तयार नव्हतं. सांगून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "बरं झालं, मी सकाळी त्यो शब्द काढला न्हाई. डोळं तुजं गेलं आसतं."

परवेझनं वही खिशात ठेवली. टॉवेल नेण्यासाठी माणूस बोलावला. तांब्या त्यानं रामहरीकडं राहू दिला, दोर मात्र नियमाप्रमाणं मुंबई येईपर्यंत ठेवून घेतला. कठड्यावरून खाली काही सोडायला परवानगी नाही, हेही सांगितलं. मग जाता जाता थांबून म्हणाला की मधलंच पाणी हवं असेल तर ते नळाला आहे. बोटीत यंत्र आहे. ते समुद्राचं पाणी ओढतं, गोड करतं आणि नळाला सोडतं. तीन दिवस रामहरी त्याच पाण्यानं अंघोळ करत होता.

सगळे गेल्यावर रामहरीनं नळाखाली तांब्या धरला. अर्धा भरला, एक घोट घेतला आणि ज्ञानेश्वरीला दिला.

"गोड आहे, नाना," ती म्हणाली.

"गोडच हाय. पन तुजी आई म्हनली आसती, ह्ये केल्यालं झालं. मूळचं सांगा."

दार उघडं होतं, फटीत चप्पल होती. सकाळी किनारा दिसू लागला. मधलं पाणी चाखायचं राहिलं.