घरबसल्या गाडी लागली

मला आधी एक सांगा, चाळिशी उलटलेल्या कमावत्या माणसाला स्वतःच्या पसंतीची एक, फक्त एक वस्तू घरात आणायचा हक्क आहे की नाही? (हे मी तुम्हाला विचारतोय. बायकोला विचारून झालंय.)

आमच्या घरातले पडदे बायकोच्या पसंतीचे, भांडी आईच्या पसंतीची आणि सोफा मेहुण्याच्या पसंतीचा. एवढंच काय, माझा चष्मासुद्धा! दुकानदाराने एकामागून एक फ्रेम माझ्या नाकावर चढवली आणि दरवेळी "कसा वाटतोय?" हे बायकोला विचारलं. म्हणून माझ्या जुन्या मॉनिटरच्या मधोमध हिरवी उभी रेघ उमटली, तेव्हा मला मुळीच वाईट वाटलं नाही. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, नवा मॉनिटर मी निवडणार. एकट्याने.

मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. दिवसभर लोकांचे अपघात वाचतो आणि त्यांना भरपाई का मिळणार नाही ते नम्र भाषेत कळवतो. संध्याकाळी घरी आलो की कॉम्प्युटरवर ट्रक चालवतो. खेळातला. टेबलाला पकडून बसणारं एक स्टिअरिंग आहे माझ्याकडे. लांबच लांब रस्ता, मागे वीस टन माल, आणि शेजारी 'जरा हळू' म्हणणारं कोणी नाही. आयुष्यात आणखी काय लागतं हो?

आमच्या ऑफिसात एकजण आहे, त्याला आम्ही 'सर्वज्ञ' म्हणतो. तो म्हणाला, "साधा मॉनिटर म्हणजे खिडकीच्या फटीतून रस्ता बघणं. तू अल्ट्रावाइड घे. कर्व्ह्ड घे. दोन्ही बाजूंनी तुला कवेत घेतो तो! इमर्शन पाहिजे रे, इमर्शन!"

मला कवेत घ्यायला कोणी तयार असल्याचं ऐकून बरीच वर्षं झाली होती. त्याच संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, "मला इमर्शन हवंय."

"कशाला?" आई म्हणाली. "गीझर चांगला चाललाय की."

"आई, पाणी तापवायचं इमर्शन नव्हे. इमर्शन म्हणजे बुडून जाणं."

बायकोचा घास हातातच राहिला. "कुठे बुडून जाणं?"

"खेळात गं."

"मग हरकत नाही," असं म्हणून तिने घास घेतला. "मला वाटलं, ऑफिसात काही झालं."

दुकानात ती 'नुसती बघायला' आली. इथे सांगायला हवं की माझी बायको शाळेत पी.टी. शिकवते. पोरांना 'पाठ ताठ! मान वर!' असं ओरडण्यात तिची हयात गेली आहे. मी थेट सगळ्यात लांबलचक मॉनिटरपुढे जाऊन उभा राहिलो. ती बाजूने गेली, मान तिरपी केली आणि म्हणाली, "अहो, हा वाकलाय."

"तो वाकलेलाच असतो."

"पडला असेल कुठेतरी. दुसरा दाखवायला सांगा."

"अगं, मुद्दाम वाकवलाय!"

"मुद्दाम?" ती सेल्समनकडे वळली. "यात सरळ नाही का?"

तो सेल्समन उत्साही होता. अनुभव कमी असावा. "मॅडम, सरळचे दिवस गेले. आता जितका जास्त वाकडा, तितका जास्त चांगला!"

बायकोने सावकाश माझ्याकडे पाहिलं. "असं असतं," ती त्याला म्हणाली, "तर मी केव्हाच सुखी झाले असते."

आणि तो हसला! मी गिऱ्हाईक, आणि हा हसतो तिच्या बाजूने! मग मीही इरेला पेटलो. त्याने विचारलं, "सर, टेबल केवढं आहे आपलं? नाहीतर हा जरा लहान..." मी म्हटलं, "टेबल मोजूनच आलोय." (मोजलं नव्हतं. पण स्वतःच्या टेबलावर माणसाचा काही विश्वास असतो की नाही?)

खोका लिफ्टमध्ये आडवा मावेना, उभा मावेना. मी आणि बायकोने तो जिन्याने वर आणला. प्रत्येक वळणावर ती "एक-दोन, एक-दोन" म्हणत होती आणि माझं 'दोन' दरवेळी उशिरा पडत होतं. मॉनिटर माझ्या टेबलावर ठेवला तर त्याची दोन्ही टोकं टेबलाबाहेर. डाव्या टोकाने कपाटाचं दार अडवलं, आणि त्या कपाटात माझे ऑफिसचे सगळे शर्ट! स्टँडच्या पायांनी उरलेली जागा खाल्ली, त्यामुळे स्टिअरिंग लावायचं ते माझ्या मांडीला.

म्हणून त्याला जेवणाच्या टेबलावर नेलं. तिथे तो छान बसला. आम्ही मात्र सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. शिट्टी वाजवण्याआधी भरून घेते ना, तसा बायकोने श्वास भरून घेतला.

रविवारी सकाळी मी उद्घाटन केलं. आई आणि बायको मागे सोफ्यावर. मी डोंगरातला रस्ता निवडला, इंजिन सुरू केलं, आणि खरं सांगतो, सर्वज्ञ खोटं बोलला नव्हता. डावीकडे कडा, उजवीकडे दरी, समोर रस्ता. घर नाहीसंच झालं! पहिल्या वळणाला मी डावीकडे झुकलो. दुसऱ्याला उजवीकडे.

"अहो, तुम्ही का झुकताय? खुर्ची जागेवरच आहे."

तिसऱ्या वळणाला मी झुकलो नाही. माझं पोट झुकलं. मी स्टिअरिंग सोडून बेसिनकडे पळालो. मागे काहीतरी गडगडत दरीत गेल्याचा आवाज आला, पण मला बघायची सवड नव्हती.

"काय झालं रे त्याला?" आईचा आवाज.

"गाडी लागली," बायकोने निदान केलं.

"कुठली गाडी?"

"त्यांचीच. स्वतः चालवत होते ती."

हा काय न्याय झाला? प्रवाशाला गाडी लागते, मान्य. पण ड्रायव्हरला? आणि तीही उभ्या खुर्चीत? दुपारी पुन्हा बसलो, पुन्हा बेसिन. दुसऱ्या दिवशी बायकोने मला डॉक्टरांकडे नेलं.

"प्रवास झाला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. म्हणजे, नाही."

"रस्ता वळणावळणाचा होता?"

"होता."

"बसने गेलात?"

"ट्रकने."

"ट्रकने! मागे बसला होतात की काय?"

"मीच चालवत होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कुठून कुठे?"

"जेवणाच्या टेबलापासून बेसिनपर्यंत," बायको म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे जिन्यातलं एक-दोनसुद्धा. डॉक्टर खोकल्याचं नाटक करत बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "एक गोळी देतो. निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची. मात्र झोप येईल, तेव्हा गाडी चालवायची नाही."

"मग घ्यायची कशाला?" मी विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी परतलो तर दारातच इंजिनाची घरघर ऐकू आली. माझ्या खुर्चीत, माझ्या स्टिअरिंगवर, माझी आई! तिने जन्मात कधी गाडी चालवली नाही. म्हणजे बाबा स्टिअरिंग धरायचे, आणि आई शेजारी बसून पायाने ब्रेक दाबायची, हाताने वळायचं दाखवायची आणि तोंडाने हॉर्न द्यायची. बाबांच्या हातात तसं फारसं काही नव्हतंच.

"आलास? दरीत टाकून गेला होतास ट्रक," ती न वळता म्हणाली. "वर काढून घेतलाय. मालही पोचवला."

"आई, हा मॉनिटर मी माझ्यासाठी आणलाय!"

"मग मी कुठे नेतेय? बस शेजारी. फक्त इकडे बघू नकोस, लागेल तुला."

आणि बायको? जी या मॉनिटरला वाकडा म्हणत होती, ती बायको? पर्स खाली ठेवून सरळ आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, पुढच्या चौकात डावीकडे. आरसा बघा." दोघींचं असं एकमत मी आमच्या लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

मी संतापाने दुकानात फोन लावला. तोच उत्साही सेल्समन.

"काय प्रॉब्लेम आहे, सर? पडद्यावर काळे ठिपके?"

"नाहीत."

"कडेने उजेड झिरपतोय?"

"नाही. मला उलटी होते."

त्याने तिथे कोणालातरी विचारून घेतलं. मग अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, पण हे वॉरंटीत बसत नाही."

हे वाक्य मी स्वतः दिवसातून कितीतरी वेळा लिहितो. समोरच्याला ते कसं लागतं हे मला कोणी कधी कळवलं नव्हतं.

मग मी घरात प्रस्ताव मांडला की हा विकू आणि साधा, लहान, सरळ मॉनिटर घेऊ. "सरळमध्ये मजा नाही हो," बायको म्हणाली. बायको! आईने तर नुसता हॉर्न दिला. ती ट्रक रिव्हर्समध्ये घेत होती.

तरी मी हार मानली नाही. परवा शनिवारी दुपारी ती गोळी घेतली, बरोबर अर्धा तास थांबलो आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन ताठ बसलो. ठरलं असं होतं की शहराबाहेर पडेपर्यंत आई चालवणार आणि मोकळ्या रस्त्यावर मी. पोट अगदी शांत होतं. डावीकडे शेतं होती, उजवीकडे नदी. मी शहराबाहेरचा पहिला पूल पाहिला, हे मला नक्की आठवतंय.

त्यानंतर कोणीतरी माझा खांदा हलवत होतं.

"ऊठ रे," आई म्हणाली. "पोचलो आपण."

मी डोळे चोळत उठलो, आळस दिला, टेबलाखाली वाकून चपला शोधल्या, पायात घातल्या आणि बायकोला विचारलं, "बॅगा मी उतरवू, की हमाल बघायचा?"