एकसष्ट तज्ज्ञांची पार्श्वभूमी

न्यायालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक टाकणे हे माझे काम आहे. कागदात काय लिहिले आहे ते वाचणे माझ्या कामात मोडत नाही, म्हणून मी ते आवडीने वाचतो. एकोणीस वर्षांत माझ्या शिक्क्याखालून नाना तऱ्हेची भांडणे गेली, पण खुर्ची-तपासनिसाच्या प्रकरणाने मला जेवढे ज्ञान दिले तेवढे एकानेही दिले नाही. इलेक्ट्रॉनिक पुरावा शोधणारे तज्ज्ञ आधी काय करत होते, या विषयावर आज मी तासभर बोलू शकतो. ते कुणी ऐकून घेणार नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रकरण साधे होते. खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीत हा गृहस्थ बावीस वर्षे खुर्च्यांवर बसत होता. नवी खुर्ची तयार झाली की तिच्यावर बसायचे, उठायचे, डावीउजवीकडे कलायचे, आणि काय वाटले ते वरिष्ठांना कळवायचे. नुसते बसण्याचे काम पुष्कळ जण करतात. याच्या नेमणूकपत्रात मात्र ते उघड लिहिलेले होते. पुढे एका समारंभात कंपनीची सात नंबरची खुर्ची प्रमुख पाहुण्यांसकट कोसळली. पाहुण्यांना फारसे लागले नाही, पण फोटो फार छान आले. धोक्याची सूचना वेळेवर दिली नाही, असा ठपका ठेवून कंपनीने तपासनिसाला काढून टाकले. तो म्हणाला, मी मेल केला होता. कंपनी म्हणाली, आमच्याकडे अडतीस लाख मेल आहेत, त्यात तुमचा दिसत नाही. काढून टाकतानाच त्याचे खातेही बंद केलेले असल्यामुळे त्याच्याकडची प्रत गेली होती.

म्हणजे प्रश्न एवढाच, की अडतीस लाखांत तो एक मेल आहे की नाही. असला तर माणूस कामावर परत, नसला तर बावीस वर्षांवर पाणी. न्यायाधीशांनी पहिल्याच तारखेला आदेश दिला की कंपनीचे मेल साठवलेले यंत्र न्यायालयात आणावे आणि तज्ज्ञाकडून मेल शोधून घ्यावा. इथपर्यंत सगळे शहाण्यासारखे चालले होते.

तपासनिसाच्या बायकोने आपल्या मावशीला पुढे केले. मावशी टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज खणखणीत. कंपनीचे वकील उठले.

"बाई, इलेक्ट्रॉनिक पुरावाशोधाच्या क्षेत्रात आपली पार्श्वभूमी काय?"

"तेहेतीस वर्षं टपाल वेगळं केलंय. अर्धवट पत्त्याचं पाकीटसुद्धा घरपोच लावलंय."

"ते इलेक्ट्रॉनिक होतं?"

"नाही हो, हाताने केलं. आता कॉम्प्युटरही येतो. नातवंडांना मेल करते, ती उत्तर देत नाहीत."

"हाताने," वकील म्हणाले, आणि याची नोंद व्हावी अशी विनंती करून खाली बसले. मावशींचा अर्ज फेटाळला गेला. आवक क्रमांक चारशे बारा.

मग कंपनीने स्वतःचा तज्ज्ञ आणला. कोट चांगला होता. पार्श्वभूमी सात पानांची होती, आणि पहिल्याच पानावर 'बेवारस मालमत्तेचे संकलन, वर्गीकरण व दीर्घकालीन जतन' असा पंचवीस वर्षांचा अनुभव होता. तपासनिसाच्या वकीलबाई वयाने लहान, पण डोके थंड.

"हे बेवारस मालमत्तेचं काम कुठे केलंत?"

"बसस्थानकावर. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत."

"म्हणजे छत्र्या."

"मुख्यत्वे छत्र्या. काही प्रमाणात जेवणाचे डबे."

"किती छत्र्या मालकांना परत मिळाल्या?"

"परत देणं वेगळ्या विभागाकडे होतं. आम्ही जतन करायचो."

"आणि मेल शोधण्याचं हे क्षेत्रच पंधरा वर्षांपूर्वी सुरू झालं. तुमचा अनुभव पंचवीस वर्षांचा कसा?"

"मी लवकर सुरुवात केली," तज्ज्ञ म्हणाले.

न्यायालयाने मग आपल्या बाजूने एक निःपक्ष तज्ज्ञ नेमला. हे पूर्वी दातांचे डॉक्टर होते. खोलवर रुतलेली गोष्ट मुळासकट बाहेर काढणे दोन्हीकडे सारखेच, असे त्यांचे म्हणणे. फरक इतकाच, की इकडे कुणी ओरडत नाही. ते कंपनीला पटले नाही, म्हणून डॉक्टरांना ठेवून घेऊन आणखी एकाला बोलावले. तिसरे गृहस्थ आले. त्यांना विचारले, याआधी काय करत होता? ते म्हणाले, तज्ज्ञ होतो. कशातले? ते वेळोवेळी ठरायचे, असे उत्तर मिळाले. यांच्यावर मात्र दोन्ही बाजूंचा एकदम विश्वास बसला, पण त्यांना दुसऱ्या एका समितीवर जायचे होते.

इथे कंपनीच्या वकिलांनी एक बिनतोड मुद्दा काढला. आमच्या तज्ज्ञांनी बसस्थानकावर खरोखरच काम केले, हे सिद्ध करायला बसस्थानकाचे जुने मेल तपासावे लागतील. ते चार लाख आहेत. चार लाख मेल तपासायचे म्हणजे तज्ज्ञ हवा. त्या तज्ज्ञाला पार्श्वभूमी हवी. ती खरी आहे का, हे त्याच्या जुन्या कचेरीच्या मेलमधून पाहायला हवे, आणि त्यासाठी आणखी एक तज्ज्ञ हवा. न्यायाधीशांनी डोळे मिटून यात चूक कुठे आहे ते शोधले. ती सापडली नाही, म्हणून अर्ज मंजूर झाला.

सहा महिन्यांत तज्ज्ञांची संख्या एकसष्टवर गेली. त्यांत एक चित्रपटगृहातले जागा दाखवणारे होते, त्यांनी 'अंधारातील दिशादर्शन' असे लिहिले होते. एक बाई विम्याच्या कचेरीत अर्ज नाकारायच्या, त्यांची 'नकारात्मक निष्पत्तीची क्षमता' सर्वांना आवडली. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याने नवी पाटी लावली: 'लॅमिनेशन, बाइंडिंग, पार्श्वभूमी'. पहिले दोन प्रकार तासात मिळत, तिसऱ्याला दोन तास लागत. माझा शिक्का झिजून गुळगुळीत झाला. नव्या शिक्क्यासाठी मी अर्ज केला, त्या अर्जावर जुनाच शिक्का मारावा लागला, तो उमटला नाही, म्हणून अर्ज अजून आलेला नाही असे ठरले.

तज्ज्ञांना बसायला जागा पुरेना. तेव्हा वादी-प्रतिवादींचे बाक त्यांना देऊन तपासनिसाला बाहेर व्हरांड्यात बसवण्यात आले. तिथेच माझी त्याच्याशी ओळख झाली. बाकावर बसताच त्याने सवयीने दोन्ही हातांनी कडा चाचपली आणि म्हणाला, "मधला खिळा वर आलाय. दोन महिन्यांत पँट फाडेल." तो तीन आठवड्यांतच आणखी वर आला आणि माझी पँट फाटली. तेव्हापासून मला या माणसाबद्दल फार आदर वाटू लागला.

"काळजी वाटते का हो?" एकदा मी विचारले.

"नोकरीची वाटते ना, का नाही वाटणार? बसण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही." त्याने बाकाची कड पुन्हा चाचपली. "पण त्याहून जास्त त्या खुर्चीची वाटते. ती अजून विकतायत साहेब. लोक त्यावर बसतायत."

मला कुणी साहेब म्हणत नाही. मला वाईट वाटले आणि बरेही वाटले.

त्याची बायको दर तारखेला यायची, सोबत मावशीही असायच्या. मावशींना करण्यासारखे काही नव्हते, पण घरी बसून काय करायचे, म्हणून त्या येत. अर्ज फेटाळला गेला याचा त्यांना राग नव्हता. त्या तज्ज्ञांच्या पिशव्या व्हरांड्यात उंचीप्रमाणे लावून ठेवत.

अकराव्या महिन्यात न्यायाधीशांनी प्रगतीचा अहवाल मागवला. तीनशे चाळीस पानांचा अहवाल आला. दंतवैद्यांनी तो सादर केला. एकसष्टपैकी अठ्ठावन्न तज्ज्ञांची पार्श्वभूमी सिद्ध झाली आहे, तिघांची अंतिम टप्प्यात आहे, असे त्यांनी सांगितले. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून कुणी वाजवल्या नाहीत, पण वातावरण तसे होते. तेवढ्यात तपासनिसाची बायको उठून उभी राहिली.

"साहेब, मी एक विचारू का? मेल कुणी शोधला का?"

दंतवैद्यांनी अहवालाची पाने पुढे-मागे केली. मग म्हणाले, "तो विषय अहवालाच्या कक्षेत येत नाही."

"पण शोधला का?"

न्यायाधीशांनी एकसष्ट जणांकडे पाहिले. एकसष्ट जणांनी एकमेकांकडे पाहिले. प्रत्येकाला वाटत होते की शोधणे आपल्या पुढच्याकडे आहे. यंत्र कोपऱ्यात होते. त्याच्यावर कापड होते, कापडावर तज्ज्ञांचे डबे होते.

"यंत्र चालू तरी आहे का?" न्यायाधीश म्हणाले.

छत्रीवाले तज्ज्ञ घाईने उठले. "साहेब, त्याला हात लावला तर पुरावा दूषित होऊ शकतो. बटण कोणी दाबायचं यावर एक उपसमिती नेमलीय."

"शोधायला पार्श्वभूमी लागते, ते मान्य. चालू आहे का ते बघायला लागत नाही. कुणीतरी बघा."

कुणी उठेना. मग मागच्या बाकावरून मावशी उठल्या. त्यांनी डबे उतरवून खिडकीत ठेवले, कापडाची घडी केली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि यंत्रापुढे बसून बटण दाबले.

"चालतंय," त्या म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.

"बाई, काय करताय?" कंपनीचे वकील म्हणाले.

"नीट चालतंय का ते बघतेय. आमच्याकडे रीत होती, आधी गाव, मग गल्ली, मग घर. हे पाठवणाऱ्याचं नाव झालं गाव. महिना झाली गल्ली. आणि मंगळवार होता ना रे?"

"मंगळवारच, मावशी," तपासनीस व्हरांड्याच्या दारातून म्हणाला.

"हे बघा घर."

सात मिनिटे लागली. भिंतीवरच्या घड्याळात मी स्वतः पाहिली. मेल अडीच ओळींचा होता. सात नंबरच्या खुर्चीत मागे टेकले की डावा पाय निसटतो, विकू नये. खाली अठरा अधिकाऱ्यांनी तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' एकमेकांना पाठवलेला होता, आणि सर्वांत शेवटी कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याचा शेरा होता: 'छान निरीक्षण.'

कंपनीचे वकील उभेच होते. "पार्श्वभूमी नसलेल्या व्यक्तीला सापडलेली गोष्ट कायद्याने सापडलेली नाही, साहेब. न्यायालयाने ती वाचलेली नाही असं धरावं."

"अहो, मी वाचलीय."

"वाचलेलं विसरण्यासाठी आमच्याकडे एक तज्ज्ञ आहेत."

न्यायाधीश हसले. या अकरा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले. तपासनिसाला त्याच दिवशी कामावर परत घेण्याचा आदेश झाला, आणि सात नंबरची खुर्ची घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला कंपनीने आठ दिवसांत मेलने कळवावे, असेही सांगण्यात आले. तपासनीस व्हरांड्यात येऊन बायकोच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. मावशी म्हणाल्या, "पुरे आता, ऑफिसला जा, उशीर होईल."

एकसष्ट तज्ज्ञ मात्र अजून आमच्याकडेच आहेत. तिघांची पार्श्वभूमी व्हायची आहे.

परवा तपासनीस मला भेटायला आला. तब्येत सुधारली आहे, दिवसाला चौदा खुर्च्यांवर बसतो. कंपनीने आदेश पाळला. अकरा हजार ग्राहकांना मेल गेले. मी विचारले, मग आता निश्चिंत ना? तो म्हणाला, "कसला निश्चिंत? उघडून वाचले एकोणीस जणांनी."

म्हणून तो आता जेवणाच्या सुट्टीत एकेका ग्राहकाला स्वतः फोन करतो. यादी घेऊन बसतो, पुढे खुणा करतो. काहीजण उचलतात आणि विचारतात, तुम्ही कोण, कशावरून बोलता, तुमचा अधिकार काय? तो म्हणतो, मी खुर्च्यांवर बसतो. पलीकडून फोन ठेवला जातो.

गेल्या आठवड्यात भर दुपारी एका अनोळखी नंबरवरून तुम्हालाही फोन आला होता. लागोपाठ तीनदा. तुम्ही तो तिन्ही वेळा कापलात. तुमचेही बरोबर आहे. माणसाची पार्श्वभूमी माहीत नसताना त्याचे ऐकून तरी कसे घ्यायचे?