मार्गस्थाचा खड्डा

मनुष्य कोठेही राहिला तरी त्याचे भागते. परंतु ज्या अवस्थेत तो राहतो तिला निर्दोष नाव नसेल, तर राज्यकारभाराचे भागत नाही. हे तत्त्व नागपुरात मनोहररावांइतके कोणालाच पटलेले नव्हते.

१९७३ साली रस्ता रुंद करण्यासाठी कोष्ट्यांची एक आळी पाडण्यात आली आणि तेथील विणकरांना शहराबाहेर बेसा गावाच्या वाटेवर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. त्या खोल्यांतील वास्तव्यास काय म्हणावे, हे ठरविण्यासाठी सहा आठवड्यांची एक तात्पुरती शब्दनिर्णय समिती नेमली गेली. निवृत्त प्राध्यापक मनोहरराव तिचे अध्यक्ष. (समितीचे हे चौथे वर्ष. 'तात्पुरती' या शब्दाचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.)

सारे अडले होते ते जागेश्वर नावाच्या विणकरापाशी. त्याचा माग खड्ड्याचा. विणणाऱ्याने काठावर बसावे, पाय खड्ड्यात सोडावे आणि खालच्या फळ्या दाबाव्या, अशी त्याची रचना; म्हणजे नव्या खोलीत आधी खड्डा खणणे आले. नियम असा की, राहणाऱ्यास जमीन खणता येते, जाणाऱ्यास येत नाही. मग जागेश्वर राहत होता की जात होता?

मनोहररावांनी त्याला सन्मानपूर्वक बोलावून विचारले, "आपण येथून जात आहात, असे आपणांस वाटते काय?"

"जाऊन तं नाही राहिलो जी," जागेश्वर म्हणाला. "बसूनच आहो. माग भिंतीले टेकून हाये, अन् मी मागाले."

"तुमी सारे शबूद खोदून राहिले," त्याची बायको गोदूबाई मागून कडाडली, "तं यायले दोन हात खड्डा खोदू द्या ना! पाय का आभायात सोडावं यायनं?"

मनोहररावांना गहिवरून आले. अशा मोडलेल्या संसाराला ढिसाळ शब्द देणे त्यांना पाप वाटले. त्यांनी एकेक शब्द पारखला. 'संक्रमण' सूर्य करतो, आणि सूर्यास पत्र्याची खोली देण्याची तरतूद नाही. 'स्थलांतर' पक्षी करतात, पण ते स्वखर्चाने परततात. 'प्रस्थान' स्वेच्छेने ठेवतात; विणकरांना ट्रकने नेले होते. 'स्थित्यंतर' हा शब्द सर्वांना आवडला. परंतु पाहणीत असे आढळले की विणकरांची स्थिती पूर्वीइतकीच वाईट आहे, म्हणजे तिच्यात अंतर पडलेले नाही.

अखेर 'मार्गस्थ' हा शब्द एकमताने संमत झाला: जो जात असताना राहतो, तो मार्गस्थ. मनोहररावांनी स्वतः आग्रह धरून जागेश्वरला खड्ड्याची परवानगी मिळवून दिली. अट एकच, आणि ती व्याख्येतूनच निघत होती: मार्गस्थाने खणलेला खड्डा जाताना सोबत नेला पाहिजे.

ही परवानगी घेऊन शिपाई गेला तेव्हा मागाची एक तुळई पत्र्याला टेकू म्हणून लागली होती आणि उरलेला माग गोदूबाईच्या चुलीत गेला होता. जागेश्वर कळमेश्वरला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. तेथे पाय ठेवण्यास सपाट जमीन मुबलक आहे.

समितीने सारी हकीकत, खड्ड्याच्या अटीसह, वर्तमानपत्रांत छापून सुज्ञ नागरिकांच्या हरकती मागविल्या. दोनशे अकरा पत्रे आली. सर्वच्या सर्व 'मार्गस्थ' या शब्दाविषयी होती, आणि ती इतकी अभ्यासपूर्ण होती की मनोहररावांचे डोळे पाणावले. समितीस मुदतवाढ मिळाली असून तिच्यात एक जागा रिकामी आहे. हे वाचताना ज्यांनी 'स्थित्यंतर हाच बरा होता' असे मनाशी ठरविले असेल, त्यांची निवड झाली आहे.