आधी उचला, मग गुडघा

भाड्याचा पलंग परत न्यायला माणसं आली, त्याच सकाळी तिच्या घराचं पुढचं दार चोरीला गेलं. चोरी म्हणावं तर तक्रार करता येईना, कारण चोरांनी दारासोबत फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकले होते आणि त्यावर सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

झालं होतं ते इतकंच. वडील गेले आणि आजाऱ्याचा लोखंडी पलंग दारासमोरच्या खोलीत तसाच राहिला. आणला तेव्हा तो सुट्टा होता. आता त्याचे नटबोल्ट गंजून एकजीव झाले होते. हमाल म्हणाले, "ताई, दार काढल्याशिवाय हा बाहेर पडायचा नाही." दार बिजागऱ्यांतून उचलून बाहेरच्या भिंतीला टेकवलं. पलंग गेला. तो टेम्पोत चढेपर्यंत ती कोपऱ्यावर उभी राहिली. टेम्पो वळल्यावरही थोडा वेळ उभी राहिली. परत येऊन पाहते तर भिंत रिकामी.

कॉलनीत तेव्हा टाकाऊ सामानातून वाचनालय उभं राहत होतं. पाडलेल्या घरांच्या विटा, बंद पडलेल्या शाळेच्या खिडक्या, कुणाच्या गच्चीवरचे पत्रे. लोकांनीच द्यायचं, लोकांनीच बांधायचं. कल्पना एका वास्तुविशारद बाईंची, आणि मिरवणं समितीच्या अध्यक्षांचं. रविवारी घराबाहेर ठेवलेलं नकोसं सामान हातगाडी उचलून नेईल, असा निरोप ग्रुपवर फिरला होता. तिने तो वाचला नव्हता. वडील गेल्यापासून जोडलेल्या हातांची चित्रं इतकी येत होती, की तिने ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला होता.

दार तसं दिसायला भंगारच. वडील शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते आणि कुठलीही वस्तू मरते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मोडक्या तराजूच्या दांडीपासून त्यांनी दाराला खिटी केली होती. दार आपटलं की ती आपोआप पडायची. पडली की कुणाच्या बापाला उघडायची नाही, फक्त तिच्या बापाला उघडायची. बाहेरून मूठ वर उचलायची आणि मग खालच्या फळीला गुडघा द्यायचा. आधी गुडघा दिला तर खिटी आणखी घट्ट बसायची. आजारपणात ते पलंगावरूनच ओरडायचे, "आधी उचला, मग गुडघा!" दूधवाल्याला, काकाला, डॉक्टरांना. शेवटच्या दिवशी डॉक्टर पहिल्या झटक्यात आत आले. "जमलं डॉक्टरांना," वडील समाधानाने म्हणाले. डॉक्टरांना तेवढंच जमलं.

ती बांधकामावर पोचली तोवर दार बसवूनही झालं होतं, तेही उलटं. बाहेरची बाजू आत आणि आतली बाहेर, कारण आतला उडालेला रंग बाईंना जास्त प्रामाणिक वाटला.

"हे दार माझं आहे," ती म्हणाली.

बाई प्रसन्न हसल्या. "सगळ्यांना असंच वाटायला हवं."

"तसं नाही. खरंच माझं आहे. माझ्या घराला दार नाहीये."

"किती मोठं मन लागतं याला!"

"मी दिलं नव्हतं हो. टेकवून ठेवलं होतं."

अध्यक्ष मध्ये पडले. "ताई, निरोप सगळ्यांना गेला होता. शिंपीमामांनी बेसिन दिलं. आले का ते परत मागायला? आणि आता फीत या दारालाच बांधायचीय. हे काढून दिलं तर पाहुण्यांनी उद्घाटन कशाचं करायचं?"

"वस्तूंना आठवण असते," बाईंनी दारावरून हात फिरवला. "ती इथे जपली जाईल."

"मलाही आहे," ती म्हणाली. पण तोवर बाई विटांकडे वळल्या होत्या.

घराच्या चौकटीत तिने चादर लावली. भेटायला येणारे आजवर निदान दाराशी अडखळायचे. आता ते चादर सारून थेट स्वयंपाकघरात यायचे आणि दुःख आवरायला सांगायचे. काका रोज यायचा. "दादा गेला, आणि तू दाराचं काय धरून बसलीस," तो म्हणायचा. "मी बघतो काय ते."

उद्घाटनाला ती गेली आणि मागच्या बाकावर, दाराजवळ बसली. फीत कापून मंडळी आत आली. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी टाकाऊ हा शब्दच टाकून देण्याचं आवाहन केलं. तेवढ्यात वारा आला आणि दार आपटलं. खिटी पडल्याचा आवाज तिने ओळखला. बाकी कुणी नाही.

भाषण संपलं, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. अध्यक्षांनी मूठ ओढली. मग ढकलली. मग खांदा दिला.

"खिडकीतून जाऊ," पाहुणे म्हणाले.

"खिडक्या उघडत नाहीत," बाई म्हणाल्या. "त्या भिंत म्हणून वापरल्यात."

शिंपीमामांनी गुडघा देऊन पाहिला. खिटी आणखी घट्ट बसली. आत उकडायला लागलं. कुणाचं तरी मूल रडायला लागलं.

"हे भंगार दिलं कुणी?" अध्यक्ष कपाळ पुसत म्हणाले.

"माझ्या मूळ आराखड्यात नव्हतंच ते," बाई म्हणाल्या.

ती बसूनच होती. "आठवण असते ना वस्तूंना?"

"अहो ताई, ही काय वेळ आहे?"

"म्हणजे तुम्हाला हे दार नको?"

"उद्याच्या उद्या फेकून देतो," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो."

ती उठली नाही. पाहुण्यांचा हात मुठीवर होता, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "आधी उचला, मग गुडघा." आवाज जरा मोठाच निघाला, पलंगावरून यायचा तसा. पाहुण्यांनी उचललं, गुडघा दिला. दार उघडलं. टाळ्या पाहुण्यांसाठी वाजल्या, आणि दार उघडतानाचा फोटो मंडळी बाहेर पडायच्या आतच ग्रुपवर गेला.

तिने दार तिथल्या तिथे उतरवून घेतलं आणि त्याच हातगाडीवर घातलं. रस्ताभर तिने त्याच्यावर हात ठेवला होता. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं.

घरासमोर काका उभा होता, कमरेवर हात ठेवून. त्याच्या मागे चादर नव्हती. गुळगुळीत, तपकिरी, नवंकोरं दार होतं.

"तू तिकडे गेलीस तेवढ्यात बसवून घेतलं," तो म्हणाला. "म्हटलं, पोरीला जरा बरं वाटेल. हे कशाला परत आणलंस?"

"चौकट?" तिने विचारलं. नवी चौकट लोखंडी होती आणि चांगलीच अरुंद होती.

"जुनी ना? कुजली होती गं. वाचनालयाला देऊन टाकली. त्यांना लागतं असलं."

हातगाडीवाल्याने दार उतरवून बाहेरच्या भिंतीला टेकवलं आणि तो निघून गेला. ती नव्या दाराशी गेली. मूठ धरली, सवयीने वर उचलली आणि गुडघा दिला. दार नुसतं टेकलेलं होतं. ते असं अलगद उघडलं की ती तोल जाऊन सरळ आत पडली, पलंगाच्या पायांचे गंजाचे डाग फरशीवर होते तिथे.

खोलीतून कुणीच काही बोललं नाही.

"बघ," काका मागून कौतुकाने म्हणाला. "आता कुणाला काही सांगायला नको."