घरातली पाणंद

उस्मान मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी तांब्याभर पाणी मागतो. घरच्या बाईला वाटतं, पाव्हणा तहानलाय. ती लगबगीनं पाणी आणते. उस्मान घोटभरसुद्धा पीत नाही. सोप्याच्या मधोमध जाऊन तांब्या फरशीवर पालथा करतो, त्या पाण्यात अनवाणी टाच घासून बघतो आणि म्हणतो, "पायाला इचारा. डोळ्याला काय कळतंय?" मग चहाला बसतो.

मी चौथी शिकलेला माणूस. कुंडलात ऊस लावण्यात जन्म गेला. कागद-लेखणी माझं काम नव्हे, पण ह्या गड्याबद्दल दुसरं कुणी लिहील तर चुकीचं लिहील, म्हणून मीच बसलो.

फरशी बसवावी तर उस्माननं. एकदा एका बागायतदाराच्या बंगल्याची वास्तुशांत होती. पाव्हणं दुसऱ्याच मिस्त्रीनं बसवलेल्या संगमरवराला वा वा करत होतं. उस्माननं तांब्या ओतला आणि म्हणाला, "मालक, जरा हिकडं या." मालक दोन पावलं आला आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. पाव्हण्यांनी ताटात तोंड लपवलं. उस्मान मात्र खाली बसून बोटाच्या पेरानं फरशी वाजवत होता. "हितं पोकळ हाय," म्हणाला. मालक अजून खांबालाच धरून होता.

आता माझं ऐका. माझा जन्म शेणानं सारवलेल्या जमिनीवर गेला. पोरगा पुण्यात कमावता झाला, घर नवं बांधलं, तवा मी एकच अट घातली. फरशी अशी पाहिजे की खाली बघितलं तर त्यात माझ्या मिशा दिसल्या पाहिजेत. माल आला. उस्मानच्या ताब्यात घर दिलं आणि आम्ही नवरा-बायको म्हसवडला लग्नाला गेलो.

चार दिवसांनी येऊन बघतो तर मिशा दिसत होत्या. पण माझ्या त्या आरशाच्या मधनं, कारभारणीच्या पलंगापासनं न्हाणीपर्यंत, हातभर रुंद काळपट शहाबादीची पट्टी. तीही जात्याला टाकी लावतात तशी ठोकून ठोकून खरबरीत केलेली. नव्या धोतराला पोत्याचं ठिगळ!

"ह्ये काय केलंस रं?"

"वाट हाय."

"कुणाची?"

"वैनीची. तिचं गुडघं बघितलंस का कवा? का निस्त्या मिशाच बघतोस?"

"घर माझं हाय का तुझं?"

"घर तुझं, आबा. पाय तिचं हायती."

मी बोलणं टाकलं. गावाला तेवढंच पाहिजे होतं. जो तो दारात येऊन विचारायचा, "आबा, घरात पाणंद काढली म्हणं! बैलगाडी जाती का?" कारभारीण मात्र त्या पाणंदीवरनं भिंत न धरता चालायची. मी बघितलं नाही असं दाखवत होतो.

शेवटी पोरानं सांगितलं, दिवाळीला दुसरा मिस्त्री आणून पट्टी उखडू. माझ्या मनासारखं झालं. पण पाठीमागनं काही करायची आपली रीत नाही. म्हटलं, उस्मानला तोंडावर सांगून यावं.

एरवी तो दारातल्या कट्ट्यावरच गाठ घेतो. त्या दिवशी त्याला ताप होता, म्हणून मी आत गेलो. त्याची बायको शकीला दोन वर्षांमागं पडली, अंथरुणाला खिळली आणि त्यातच गेली, हे मला ठाऊक होतं. मातीला मीही होतो. पण कुठं पडली, कशी पडली, विचारलं नव्हतं.

आत पाय टाकला तर खाली माझ्या मिशा.

"ही कुणी बसवली रं?"

"म्याच. गावात पयली. ती म्हणत हुती, आवं पाय घसरतोय. म्या म्हणलं, दिसतीया कशी बघ की."

त्या आरशाच्या मधनं रिकाम्या पलंगापासनं न्हाणीपर्यंत खरबरीत पट्टी गेली होती.

"ती दवाखान्यात हुती तवा बसवली. घरी आली. पर पलंगावरनं खाली उतरलीच न्हाई."

पट्टी नवी कोरी होती. टाकीचे घाव अजून टोचत असतील. उस्मान चहा ठेवायला उठला. तापानं पाय लटपटत होते, तरी भिंतीला हात लावत, पट्टीच्या कडेकडेनं, गुळगुळीतावरनं निघाला.

"आरं पडशील! पट्टीवरनं चाल की."

"ती तिची हाय," म्हणाला.

सांगायला गेलो होतो ते सांगितलं नाही. घरी येऊन पोराला फोन केला, मिस्त्री आणू नकोस. का, म्हणाला. म्हटलं, घर माझं हाय. कारण सांगायची मला सवय नाही.

ताप उतरल्यावर उस्मानला मीच घेऊन आलो. दारातच त्यानं पाणी मागितलं. कारभारीण आतनं त्या पाणंदीवरनं चालत आली. दोन्ही हातांत दोन तांबे. एक फरशीला, एक त्याला.

पहिला त्यानं ओतला. दुसरा उभ्या उभ्या, सगळा प्यायला.