घड्याळ, गुलाब आणि एकंदरीत सर

“आज अध्यक्षांच्या डोक्यात प्रकाश पाडला नाही, तर नाव बदलीन!” असं बायकोला ठणकावून एकंदरीत सर कॉलेजला निघाले. तसं बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचं खरं नाव कुणाला आठवतच नव्हतं. प्रत्येक तास ते ‘एकंदरीत’ने सुरू करत, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव पार ऑफिसातल्या कागदांपर्यंत पोचलं होतं.

अकरा वर्षं ते तत्त्वज्ञान शिकवत होते, तेही तात्पुरते. आज संस्थेच्या अध्यक्षांसमोर एक तास शिकवून दाखवायचं आणि कायम व्हायचं. विषय त्यांनीच निवडला होता : जर्मन चिद्वादी तत्त्वज्ञांच्या मते सजीव म्हणजे काय!

“सोपं बोला हो,” बायको म्हणाली होती. “मला अकरा वर्षांत कळलं नाही, त्यांना तासाभरात कुठून कळणार?”

म्हणून सरांनी नमुनेच दाखवायचं ठरवलं. घरचं गजराचं घड्याळ पिशवीत होतं. झाड मात्र कॉलेजातलंच घ्यायचं होतं. माळी जागेवर नव्हता, तेव्हा सरांनी व्हरांड्यातली सगळ्यात टवटवीत कुंडी उचलली आणि धापा टाकत वर्गात आणली.

“एकंदरीत, हे यंत्र!” सरांनी घड्याळाचं झाकण उघडलं. टण्णकन स्प्रिंग उडाली आणि चाकं टेबलभर पांगली. “बघा! एका चाकाला दुसऱ्याची काही पडलीय? यांना हेतू दिला घड्याळजीनं, बाहेरून! आता हा गुलाब. पान मुळासाठी राबतं, मूळ पानासाठी. इथे जो तो मालकही आणि नोकरही! हेतू आतच आहे. चाक काढलं की घड्याळ बंद. पण फांदी छाटली तर?”

अध्यक्ष खुर्चीतून पुढे सरकले. सरांनी कात्री काढली आणि पार बुडाशी कचकन कापलं!

“झाड ती पुन्हा घडवतं! जशीच्या तशी!”

“घडवतंय कसलं डोंबल!” कुंडी शोधत आलेला माळी दारातून किंचाळला. “सर, कलम आहे ते! खाली रानगुलाब, वर दुसऱ्या गुलाबाचा डोळा भरलेला. तुम्ही डोळ्याच्या खालीच छाटलंत! आता येईल तो नुसता रानटी!”

सरांचा चेहरा पडला. “म्हणजे मुळं एकाची...”

“आणि फुलं दुसऱ्याची.”

“मग मूळ इतके दिवस राबत होतं कुणासाठी?”

“अध्यक्षसाहेबांसाठी!” माळी म्हणाला. “साहेबांनी स्वतःच्या हातानं भरलेला डोळा तो! तीन वर्षं जपलाय!”

म्हणजे हेतू बाहेरूनच? सरांना गरगरायला लागलं. अर्धं झाड आत, अर्धं बाहेर, आणि तत्त्वज्ञान कुठे, काही कळेना.

“गुलाब राहू द्या,” अध्यक्ष जड आवाजात म्हणाले. “एवढंच सांगा, आपली ही संस्था काय आहे? घड्याळ की झाड?”

अकरा वर्षांत इतका सुरेख प्रश्न सरांना कुणी विचारला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. “झाड, साहेब! जिवंत, सळसळतं झाड!”

“म्हणजे एखादी फांदी छाटली तर अडणार नाही?”

“छे! उलट जोमानं वाढेल!”

माळ्यानं कपाळावर हात मारला.

चहाच्या सुट्टीतच शिपाई पत्र घेऊन आला. पहिली ओळ वाचून सरांनी माळ्याला मिठीच मारली. “बघा, माळीदादा! ‘आपले प्रतिपादन संस्थेस पूर्णपणे मान्य आहे!’ अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी पटलं हो!”

“पुढे काय लिहिलंय, सर?”

सरांनी पुढची ओळ वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“पुढे,” ते पुटपुटले, “त्याची अंमलबजावणी आहे. उद्यापासून.”