तुरकरांचं शून्य

तुरकर मशीनमध्ये फुंकण्याआधी चपला काढतात. देवळात नव्हे हो, गोंदियाजवळच्या आमच्या राईस मिलच्या गेटवर! बॉयलरवर जाणाऱ्या प्रत्येकाला पाळीआधी दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकावं लागतं. आम्ही फूं करून आत पळतो. हे गृहस्थ चूळ भरतात, चपला काढतात, फुंकतात आणि आकडा चारचौघांना दाखवतात. "पाहा, शून्य म्हंजे शून्य!"

मीही आयुष्यात थेंब घेतलेला नाही. माझंही शून्यच येतं. पण कौतुक कोणाचं? मॅनेजरसाहेब नव्या माणसाला सांगतात, "तुरकरजी को देखो." मी काय तिथं गवत उपटायला उभा असतो?

मोहफुलं पडायला लागली की हा माणूस सायकल लांबच्या वळशानं आणतो. का, तर "झाडाखालून गेलो तं वारा लागते." मशीनच्या नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. बायको मला म्हणते, "तुम्ही त्याइच्यावर काऊन जळून राहिले?" जळतो! खोटं कशाला बोलू?

त्यातच बॉयलरच्या हेडची जागा रिकामी झाली. दावेदार दोघंच, ते आणि मी. निवडीच्या सकाळी नेमकी माझी दाढ ठणकली. सासूबाई दवनीवाड्याहून आलेल्या; त्यांनी मोहाच्या दारूत भिजवलेला कापसाचा बोळा दाढेत कोंबला. ठणका थांबला, मी खूश. गेटवर बोळा थुंकलो, फुंकलो, आणि मशीन बोंबललं.

"घर जाओ," साहेब म्हणाले. हेडची जागा राहिली बाजूला, होती ती नोकरीही चालली होती. तुरकर नुसते गप्प राहिले असते तरी जागा त्यांचीच होती.

तेच मध्ये पडले. "नाही साहेब. याले चूळ भरू द्या, पंधरा मिनटं बसवा, मंग पुन्हा फुंकवा. नियमात लिवलं हाये."

माझ्याशेजारी बाकावर बसून ते घड्याळ बघत राहिले. मी विचारलं, "तुरकरभाऊ, काऊन बोलले माह्यासाठी?"

त्यांनी चपला पायानं जवळ ओढल्या. मग म्हणाले, "माहा लहाना भाऊ ट्रकवर होता. खोकल्याचं औषध पिऊन फुंकला. कोणी पुन्हा फुंकू देल्लं नाही, कामावरून काढलं. शरमेनं घरी आलाच नाही. हा नियम तवा मले मालूम नव्हता."

दुसऱ्यांदा माझं शून्य आलं. हेड मात्र तेच झाले, आणि मला वाईट वाटलंच.

नंतर कळलं, सुटीच्या दिवशी ते सौंदडच्या ढाब्यावर बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला भावाचा फोटो दाखवतात. आता मला त्यांच्या जागेचा नाही, त्या हरवलेल्या भावाचा हेवा वाटतो. माझा सख्खा भाऊ इथंच कामठ्याला राहतो. दोन वर्षांत त्यानं एक फोन केला नाही.

मीही केला नाही म्हणा.